प्लग बदलले आणि इंजिन लंगडायला लागलं, दोष पेट्रोलचा की हाताचा?

जुनी गाडी बाळगणाऱ्यांच्या मागे २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन बातम्या लागल्या. पहिली ई२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. या पेट्रोलने जुनी इंजिनं खराब होतात की नाही, यावर देशभर वाद पेटला. दुसरी नोंदणीची. वीस वर्षांवरच्या मोटारीची आरसी नवी करून घेण्याची फी ५,००० वरून १०,००० रुपये झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात आजही कितीतरी घरांसमोर मारुती ८०० आणि ओम्नी उभ्या आहेत. आरसीला एवढे पैसे गेल्यावर गॅरेजचं बिल तरी वाचवावं म्हणून माणूस मोबाईलवर व्हिडिओ लावतो, पाने काढतो आणि स्वतःच बॉनेट उघडतो.

यात वाईट काही नाही. आपली गाडी आपल्या हाताने उघडावी, समजून घ्यावी, या मताचा मी आहे. पण पुष्कळदा पुढे असं होतं: ठिणगी पाडणारे प्लग नवीन, फिल्टर नवीन, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर साफ, आणि इंजिन मात्र आधीपेक्षा वाईट. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतं, रेस सोडली की गाडी बंद पडते, चढाला झटके बसतात. मग शेजारी जमतात आणि निकाल देतात, "ई२० चा परिणाम, दुसरं काय!"

हा निकाल घाईचा आहे. काल धड चालणारी गाडी आज घरच्या दुरुस्तीनंतर लंगडायला लागली, तर काल आणि आजच्या मध्ये बदललेली गोष्ट शोधायची. पेट्रोल कालही तेच होतं. बदललं ते आपल्या हाताने.

इंजिनचा ताल

मारुती ८०० हेच उदाहरण घेऊ. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आली, २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक पिस्टन वरखाली होतो आणि चार कामं क्रमाने करतो: हवा-पेट्रोल आत ओढणं, ते दाबणं, पेटल्यावर खाली ढकललं जाणं, आणि धूर बाहेर टाकणं. या चार कामांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचे, दोन फेरे होतात. म्हणजे दोन फेऱ्यांत एका सिलिंडरकडून जोर मिळतो तो एकदाच.

खानापूर भागात पूर्वी घरोघरी भात कांडत. एका उखळात तिघीजणी मुसळं घालत, एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली, लगेच तिसरीचं. तीन मुसळं, पण ऐकू यायचा तो एकच सलग ताल. तिघींपैकी एक चुकली, तर घाव कमी पडतोच, शिवाय उरलेल्या दोघींचाही ताल मोडतो. तीन सिलिंडरचं इंजिन याच हिशेबाने चालतं. मारुतीत पाळी १-३-२ अशी असते. आधी पहिला सिलिंडर, मग तिसरा, मग दुसरा. पहिला म्हणजे टायमिंग बेल्टच्या, म्हणजे झडपांची उघडमीट पिस्टनशी जुळवणाऱ्या पट्ट्याच्या, बाजूचा. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीत चार सिलिंडर, तिथे पाळी १-३-४-२.

गाडी उभी असताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन जे संथ फिरतं त्याला आयडलिंग म्हणतात. ते मिनिटाला ९०० फेरे धरलं तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४५० वेळा आणि तिन्ही मिळून १,३५० वेळा पेट्रोल पेटतं. यातला एक सिलिंडर गप्प बसला, म्हणजे जोराचा एक तृतीयांश भाग गेला. चार सिलिंडरच्या गाडीत चौथाई जातो, म्हणून तिची थरथर जरा कमी जाणवते. मारुतीत मात्र आरसासुद्धा हलतो. या गप्प बसण्यालाच मेस्त्री लोक 'मिसिंग' म्हणतात.

सिलिंडरला पेटायला चार गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, पुरेसा दाब, जोरदार ठिणगी, आणि ती ठिणगी नेमक्या क्षणी पडणं. शेवटच्या गोष्टीला टायमिंग म्हणतात. पुढे जे काही सांगतोय ते या चौघांभोवतीच फिरतं.

पहिला प्रश्न: एकच सिलिंडर गप्प आहे, की तिन्ही अशक्त आहेत?

हा प्रश्न न विचारता जे पार्ट बदलत सुटतात, त्यांचे पैसे जातात. तिन्ही सिलिंडर एकाच टाकीतलं, एकाच कार्बोरेटरमधून आलेलं पेट्रोल पितात. पेट्रोल खराब असेल तर त्रास तिघांनाही व्हायला हवा. दोन ठणठणीत आणि एकच गप्प असेल, तर पेट्रोलला दोष देण्यात अर्थ नाही. दोष त्या एका सिलिंडरच्या वाटेवर आहे: त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचा व्हॉल्व्ह म्हणजे झडप, त्याच्या बाजूची पॅकिंग.

ओळखायची सोपी सुरुवात सायलेन्सरच्या तोंडाशी होते. कागदाची पट्टी वरच्या टोकाला धरून सायलेन्सरच्या तोंडासमोर लोंबती सोडा. इंजिन चांगलं असेल तर कागद एकसारखा बाहेरच्या बाजूला फडफडतो. एक सिलिंडर गप्प असेल तर ठराविक अंतराने फडफड तुटते, भुक-भुक-...-भुक-भुक असा आवाज येतो. कागद मधूनच आत ओढला जात असेल तर एखादा धूर सोडणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसल्याची शंका घ्यावी. तुटण्याला ठराविक ताल नसेल, मध्येच बरं आणि मध्येच वाईट होत असेल, तर बहुधा सगळेच सिलिंडर अशक्त आहेत आणि गडबड हवा-पेट्रोलच्या प्रमाणात आहे.

कोणता सिलिंडर गप्प आहे ते काढायला जुने मेस्त्री चालू इंजिनवर प्लगची कॅप ओढतात. घरी हे करू नका. त्या वायरीत पंधरा-वीस हजार व्होल्टचा करंट असतो. झटका बसलाच तर हात पंख्याच्या पात्यावर किंवा बेल्टवर जाऊ शकतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, असेल तर तेही जळू शकतं. त्यापेक्षा इंजिन बंद करा, एका प्लगची कॅप काढून तिच्यात जुना पण चांगला प्लग बसवा आणि त्या प्लगची धातूची बाजू तारेने इंजिनच्या लोखंडाला पक्की बांधा. ही ठिणगी पेट्रोलच्या पाइपापासून आणि कार्बोरेटरपासून लांब हवी. मग इंजिन चालू करा. थरथर आणखी वाढली, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर गप्प बसलेला तोच. तिन्हींवर ही पाळी घ्या. २००० च्या सुमारास आलेल्या एमपीएफआय गाड्यांत, म्हणजे जिथे कार्बोरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारी पिचकारी असते, तिथे इंजिन बंद असताना एकेका पिचकारीचा कनेक्टर काढून तीच परीक्षा करता येते.

मेस्त्रीचा पहिला प्रश्न

खानापूर रोडवरच्या एखाद्या जुन्या गॅरेजात जाऊन सांगा, "मेस्त्री, गाडी झटके मारूल्या." चांगला मेस्त्री पाना उचलायच्या आधी विचारतो, "काय काय उघडलासा?" निम्मी परीक्षा याच प्रश्नात आहे. म्हणून दुरुस्ती करताना काय काढलं, कशाला धक्का लागला, काय बाजूला सरकवलं, हे आठवून कागदावर लिहा. आणि त्याच क्रमाने मागे जा.

*प्लग आणि वायर बदलले असतील तर* सगळ्यात आधी वायरींचा क्रम बघा. डिलको, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा तो गोल डबा, त्याच्या टोपीवरून वायरी निघतात. मारुतीत दोन वायरींची अदलाबदल झाली की एकच सिलिंडर योग्य वेळी पेटतो, उरलेले दोन भलत्या वेळी. गाडी मोठ्या मुश्किलीने चालू होते आणि कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटके येतात. असे फटके येत असतील तर आधी इंजिन बंद करा आणि मग वायरी मोजा. पुढच्या वेळेसाठी युक्ती साधी आहे: एक वायर काढायची, तिचं काम संपवून परत बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. निदान काढण्याआधी मोबाईलवर फोटो तरी घ्या.

वायर आत ढकलताना 'टक्' असा आवाज आला नसेल, तर ती बसलेली दिसते पण बसलेली नसते. आयडलिंगला चालतं आणि खड्ड्यात मिसिंग होतं. प्लगचा पांढरा चिनी मातीचा भाग पाना तिरका लागून तडकला असेल, तर तडा केसाएवढा असतो, उजेडात दिसतच नाही. अशा वेळी रात्री दिवे बंद करून बॉनेट उघडा आणि इंजिन चालू ठेवून लांबून बघा. तडकलेल्या प्लगपाशी, जुन्या वायरीच्या वळणावर, डिलकोच्या टोपीवर बारीक निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. टक-टक असा आवाजही येतो. आमच्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत तर हे फार स्वच्छ दिसतं, कारण ओल धरलेल्या वायरीवरून करंट लगेच बाहेर पळतो. डिलकोची टोपी आतून बघा. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ असेल, तर करंटने तिथे आपली वाट पाडली आहे. ती रेघ पुसून जात नाही, टोपी बदलावी लागते.

प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीला गॅप म्हणतात. जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांत, म्हणजे जिथे उघडमीट करणारी धातूची टोकं ठिणगीचा करंट तोडतात तिथे, तो साधारण ०.७ ते ०.८ मिलीमीटर असतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत थोडा जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. नवीन प्लग डब्यातून काढताना फरशीवर पडला की गॅप बंद होतो आणि तो सिलिंडर गप्प. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, स्वस्त मिळतो, घरी एक असावाच. आणि प्लग आवळताना जोर काढू नका. मारुतीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे. वॉशरवाला नवा प्लग हाताने पूर्ण बसेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने सुमारे अर्धा फेरा. हाताने फिरवतानाच तो अडकत असेल तर आटे तिरके लागलेत, लगेच उलटा फिरवून काढा.

*एअर फिल्टर किंवा कार्बोरेटर उघडला असेल तर* रबरी पाइप मोजा. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर चालणारे दोन-तीन बारीक पाइप कार्बोरेटरच्या आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, आसपास असतात. त्यांतला एखादा निसटून राहिला की न मोजलेली हवा आत शिरते आणि पेट्रोल कमी पडतं. मेस्त्रींच्या भाषेत, "एअर घेतंय." याची खूण अशी: आयडलिंग वाईट, पण रेस दिली की इंजिन बरं चालतं. कारण रेसमध्ये एवढी हवा ओढली जाते की ती चोरटी हवा नगण्य ठरते. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक जोडांजवळून फिरवा. जिथे 'स्स्स' ऐकू येईल तिथे गळती. आणखी खात्री हवी असेल तर चोक, म्हणजे कार्बोरेटरची हवा अडवणारी कळ, अर्धा ओढा. इंजिन एकदम शांत झालं तर हवा जास्त होती हे पक्कं. गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडायची जुनी खोड काहींना आहे. त्यातून आग लागते. जोडावर साधं पाणी फवारलं तरी आवाज बदलतो, तेवढं पुरतं.

बऱ्याच कार्बोरेटरांवर एक छोटा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. चावी बंद केली की तो आयडलिंगचं पेट्रोल तोडतो. त्याला एकच वायर असते, आणि कार्बोरेटर काढताना ती निघते. ती परत लावायची राहिली तर गाडी रेसवर पळते आणि पाय सोडला की मरते. लोक यासाठी कार्बोरेटर पुन्हा पुन्हा उघडून साफ करतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण काम फक्त एक पिन खोचण्याचं असतं. साफ करताना वापरलेल्या कापडाचा धागा आयडलिंगच्या जेटमध्ये अडकला तरी लक्षण हेच दिसतं. जेटला तार घालू नका, हवेचा दाब मारा. त्या भोकाचा आकार मापून पाडलेला असतो, तारेने तो मोठा होतो.

*डिलको सैल केला असेल तर* टायमिंग हललं असं धरून चाला. डिलको एक अंश फिरला की क्रँकशाफ्टच्या हिशेबाने दोन अंशांचा फरक पडतो. ठिणगी उशिरा पडायला लागली तर गाडी सुस्त होते, गरम होते, पिकअप जातो. लवकर पडायला लागली तर चढाला खटखट आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. डिलको आणि इंजिन यांवर मिळून एक खूण ओरखडून ठेवलेली असेल तर परत जागेवर आणायला दोन मिनिटं लागतात. खूण नसेल तर टायमिंग लाइटवाल्या गॅरेजातच न्या, कानाने जुळवायच्या फंदात पडू नका. आणि टायमिंग बेल्ट बदलला असेल, तर एका दाताचा फरकही तिन्ही सिलिंडरांना अशक्त करतो. तिथे खुणा पुन्हा जुळवून बघण्याला पर्याय नाही.

*टॅपेट सेट केले असतील तर* गाडी थंड असताना आणि गरम झाल्यावर, अशा दोन्ही वेळा लक्ष द्या. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा भाग. तिथला गाळा, म्हणजे फट, गरजेपेक्षा कमी ठेवला तर गरम झाल्यावर लोखंड वाढतं, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. सकाळी छान चालणारी आणि गरम झाल्यावर मिसिंग करणारी गाडी असेल, तर ही शंका आधी घ्यावी. अशी गाडी जास्त चालवली तर व्हॉल्व्ह जळतो.

*बॅटरी काढून परत लावली असेल तर* दोन गोष्टी होतात. एमपीएफआय गाडीतला ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, आयडलिंगची शिकलेली बेरीज-वजाबाकी विसरतो. थोडा वेळ इंजिन वरखाली होतं आणि अर्धा तास गाडी चालवली की बहुधा सावरतं. दुसरी गोष्ट जास्त चुकते. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची जाड वायर कुणीतरी बाजूला केलेली असते आणि तिचा बोल्ट सैल राहतो. मग करंटला परतायची वाट नीट मिळत नाही, आणि रोज वेगळं लक्षण दिसतं.

शिवाय दुरुस्तीनंतर हौसेने इंजिन पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलं असेल, तर वरचं काही करायच्या आधी डिलकोची टोपी उघडून कोरड्या फडक्याने पुसा आणि उन्हात ठेवा.

"पण मी सगळे पार्ट नवीनच टाकलेत"

ही हरकत सगळ्यात जास्त ऐकू येते. नवीन म्हणजे चांगला, असं नसतं. बाजारात नकली प्लग आणि वायरी खूप आहेत, खोकं हुबेहूब आणि माल भलताच. आणि असली पार्ट असला तरी तो त्याच गाडीचा आहे का, हे बघावं लागतं. एकाच नावाच्या गाडीत कार्बोरेटरवाली आणि एमपीएफआय अशी दोन्ही रूपं आहेत, दोघींचे पार्ट वेगळे. जुना पार्ट टाकून दिला नसेल तर परीक्षा फार सोपी होते. जुना परत लावा. गाडी बरी झाली तर उत्तर मिळालं. म्हणून गाडी महिनाभर नीट चालेपर्यंत जुने प्लग, जुनी टोपी, जुनी वायर भंगारात देऊ नका.

काढलेला प्लग फेकण्याआधी त्याचं टोक बघावं. तांबूस-तपकिरी असेल तर त्या सिलिंडरचं जळणं ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरट आणि भाजल्यासारखं म्हणजे हवा जास्त. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगीच पडत नाही, आणि ओला पण तेलकट काळा असेल तर ऑइल वर येतंय. तिन्ही प्लग शेजारी शेजारी मांडा. दोन तपकिरी आणि एक ओला, हे दृश्य पुष्कळ काही सांगून जातं.

"मग ई२० चं काहीच नाही का?"

आहे. ते नाकारून चालणार नाही. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. त्यामुळे ई२० साठी हे प्रमाण साधारण १३.५ वर येतं. ईसीयूवाल्या गाडीत सायलेन्सरमधला सेन्सर हा फरक ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो, म्हणून मिश्रणात हवा थोडी जास्त होते. थंड सकाळी चोक जरा जास्त वेळ लागणं, पिकअप किंचित मऊ होणं, मायलेज थोडं घटणं, हे होऊ शकतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, तेव्हा मायलेजची तक्रार खोटी नाही.

दुसरं, इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. ई२० ला चालतील अशाच वस्तू वापरून गाड्या बनवणं २०२३ च्या एप्रिलपासून सुरू झालं. जुन्या गाड्यांत काही रबरी पार्ट आणि पॅकिंग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ च्या निवेदनात मान्य केलं. पेट्रोलचा पाइप बोटाने दाबून बघा. चिकट, फुगलेला किंवा बारीक चिरा पडलेला असेल तर आजच बदला, तो आगीचा प्रश्न आहे. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. आणि ते पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बसू शकतो. पंप नेमका तळातूनच ओढतो.

पण ही सगळी लक्षणं तिन्ही सिलिंडरांवर सारखी दिसतात आणि हळूहळू वाढतात. फक्त तळाला बसलेलं पाणी अचानक त्रास देतं, तोही तिघांना. रविवारी प्लग बदलले आणि रविवारी संध्याकाळी एक सिलिंडर गप्प झाला, याचं उत्तर ई२० मध्ये सापडणार नाही. ज्या जिल्ह्यात उसापासून इथेनॉल करणारे साखर कारखाने आहेत, तिथल्या लोकांनी तरी या वादात दोन्ही बाजू नीट ओळखाव्यात असं मला वाटतं. ऊसवाल्याचं इथेनॉल निर्दोष आहे असं नाही, आणि गाडीच्या प्रत्येक दुखण्याला तेच जबाबदार आहे असंही नाही.

इथे आपल्या भागाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. उंचावर हवा विरळ, म्हणून कार्बोरेटरच्या मिश्रणात पेट्रोल थोडं जास्त होतं. पणजीत सेट केलेली गाडी चोर्ला घाट चढून वर आली की किंचित काळा धूर टाकते, ते यामुळे. म्हणजे उंची आणि ई२० एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात. गोव्याहून किंवा कोकणातून घेतलेली जुनी गाडी असेल, तर कार्बोरेटरचा स्क्रू इथे आल्यावर एकदा नव्याने सेट करून घेणं बरं.

"आयडलिंगला चालते, फक्त घाटात झटके देते"

याचा अर्थ वेगळा. तवंदी घाटात किंवा वंटमुरी घाटात इंजिनवर भार येतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब जितका जास्त तितकी ठिणगीला गॅप ओलांडायला ताकद जास्त लागते. गॅप मोठा राहिला असेल, वायर कमजोर असेल, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइल म्हाताऱ्या झाल्या असतील, तर उभ्या गाडीत सगळं छान वाटतं आणि चढाला मिसिंग सुरू होतं. पेट्रोल फिल्टर अर्धा बंद असला तरी घाटातच दम लागतो. फरक असा की ठिणगी कमी पडली तर झटका टोचल्यासारखा बसतो, पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू जीव सोडते आणि पाय उचलला की पुन्हा सावरते. अशी गाडी घेऊन ट्रकला ओव्हरटेक करू नका. जोर नेमका त्याच वेळी जातो.

"चालतेय ना, मग चालू दे"

दोन सिलिंडरवर गाडी चालते हे खरं, पण तिसऱ्यातलं न पेटलेलं पेट्रोल कुठेतरी जातंच. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली, तर ऑइल पातळ झालंय आणि बेअरिंग झिजायला लागलेत. अशा वेळी मिसिंग काढल्यावर ऑइलही बदलावं लागतं. उरलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं. ज्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, म्हणजे धूर स्वच्छ करणारी जाळी, तिथे ते आत जाऊन पेटतं, जाळी वितळते आणि धुराची वाटच बंद होते. आपल्याकडे ही जाळी चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांत १९९५ पासून आली, मग हळूहळू सगळीकडे.

आणि पीयूसी. भारत स्टेज म्हणजे धुराचे टप्प्याटप्प्याने कडक झालेले सरकारी नियम. स्टेज दोनच्या आधीच्या मोटारींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम इतकी मर्यादा आहे. स्टेज दोन आणि तीनच्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. हायड्रोकार्बन म्हणजे न जळालेलं पेट्रोलच. एक सिलिंडर गप्प असेल तर हा आकडा उसळतो आणि गाडी नापास होते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी नवी करताना फिटनेस लागतो, तेव्हा हे लपत नाही.

घरी कुठे थांबायचं

वायरींचा क्रम, प्लगचा गॅप, रबरी पाइप, कार्बोरेटरची ती एक वायर, अर्थचा बोल्ट, डिलकोची टोपी: एवढं घरी, सुट्टीच्या एका दुपारी तपासता येतं, आणि दुरुस्तीनंतरचा बिघाड पुष्कळदा यातच सापडतो. त्यानंतरही एक सिलिंडर गप्पच असेल तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. गेज प्लगच्या जागी लावतात, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. सिलिंडरांमध्ये चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त फरक असेल तर पुढचं काम मेस्त्रीचं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, पाणी वारंवार कमी होत असेल, तर दोघांमधली हेड पॅकिंग गेली आहे. अशा गाडीचं रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

मेस्त्रीकडे जाताना सांगायचं ते खरं सांगा. "मी काही केलं नाही" म्हटलं की त्याला सुरुवातीपासून शोधावं लागतं, आणि त्या वेळेचे पैसे तुम्हीच देता. काय उघडलं त्याचा कागद, काढलेले जुने प्लग, आणि त्रास केव्हा होतो ते: थंड असताना की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की चढाला. हेड काढावंच लागलं तर बेळगावकरांचं नशीब चांगलं. फाउंड्री आणि क्रँकशाफ्टच्या कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या उद्यमबागेत हेड प्लेन करून, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करून, देणारे हात आजही आहेत. फक्त प्लेन करायच्या आधी सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून तुमच्यासमोर तपासायला सांगा. पट्टीखाली ०.०५ मिलीमीटरचं पातं कुठेच जात नसेल, तर हेड प्लेन करायची गरज नाही. नवी पॅकिंग टाकून, पुस्तिकेतल्या क्रमाने बोल्ट आवळून घ्या.